धुलाईच्या दुकानातली चौकशी

"आज शाळा नाही वाटतं?"

हा प्रश्न आयोनाने गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता, की विचारणाऱ्याच्या तोंडावर ओला टॉवेल फेकून मारावा असं तिला हल्ली मनापासून वाटायचं. बसमधल्या आजीबाई विचारायच्या, पोस्टातला माणूस विचारायचा. आणि आता हा कोण कुठला उंचाडा तरुण, बाहेरच्या रिपरिपीतून भिजून तिच्या धुलाईच्या दुकानात शिरलेला, पांढऱ्या शर्टावर छातीभर बीटच्या सुपाचा डाग घेऊन उभा... तोही पहिलं काय विचारतो, तर हेच! आणि कोणाला? टेबलाशी चादरींच्या घड्या घालणाऱ्या तिच्या अकरा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, फ्लोराला.

"आहे की शाळा," आयोना म्हणाली. "ही काय, चालू आहे. तुम्हीच मध्ये शिरलात."

"सॉरी... मी आपलं सहज —"

"सगळे सहजच विचारतात. शर्ट काढा."

"इथे?"

"मग काय, अंगावरच धुऊ?"

तो कानापर्यंत लाल झाला. फ्लोराने उठून शर्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि डॉक्टरांच्या थाटात विचारलं, "गरम पाणी लावलंत का?"

"हो. सूप सांडलं त्या कॅफेतल्या बाईंनीच लावलं."

"झालं! गरम पाण्यानं हा आणखी पक्का बसतो. आधी थंड पाणी, मग पावडर. रंगाचे कण तुटायला ऑक्सिजन लागतो, माहीत नाही?"

"शाळेत शिकवलं नाही मला," तो म्हणाला, आणि आयोनाला नको असताना हसू आलं. तिने ते गिळलं.

कोणीतरी विसरून गेलेलं, मेंढ्यांची नक्षी विणलेलं एक बायकी स्वेटर त्याच्या अंगावर चढलं, बाह्या कोपरापर्यंतच पोहोचल्या. शर्ट मशीनमध्ये गेला, झाकण खट्कन बंद झालं. मग त्याने ओल्या पिशवीतून एक फाइल काढली आणि इतक्या अदबीने विचारलं, की आयोनाला पुढे कित्येक दिवस त्याचाच राग येत राहिला.

"मला इथेच वरच्या मजल्यावर अकराची वेळ होती. मिस आयोना थॉर्नली कुठे भेटतील? मी कॅलम रेडफर्न. काउन्सिलच्या शिक्षण खात्याकडून आलोय. घरी शिकणाऱ्या मुलांची पाहणी..."

आयोनाने हात ॲप्रनला पुसले.

"मीच ती," आयोना म्हणाली. "आणि घरी येऊ नका, सगळं लिहून पाठवते, असं मी तुमच्या ऑफिसला कळवलं होतं."

"ते पत्र मला मिळालं नाही हो."

"कसं मिळेल? तुमची पत्रं आम्हाला बरोब्बर मिळतात, आमची तेवढी तुम्हाला मिळत नाहीत. निघा तुम्ही."

तो मुकाट्याने दाराकडे वळला. मग त्याने मशीनकडे पाहिलं.

"अडतीस मिनिटं," फ्लोरा खुशीत म्हणाली. "मध्येच उघडत नाही ते."

त्या अडतीस मिनिटांत आयोनाने त्याला काय काय ऐकवलं! आई गेली तेव्हा फ्लोरा नऊ वर्षांची होती. शाळेत पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. बाई विचारायच्या, ही गप्प. तर उद्धट आहे म्हणून तीन आठवडे तिला वेगळ्या खोलीत बसवलं, भिंतीकडे तोंड करून. तीन आठवडे! नऊ वर्षांच्या पोरक्या पोरीला!

"तेव्हा कुठे होतात तुम्ही? तेव्हा कोणाला पाहणी सुचली नाही? मी तिला घरी आणलं, ती बोलायला लागली, हसायला लागली, आणि आता तुम्ही फाइल घेऊन आलात, मुलगी ठीक आहे का ते बघायला! लाज नाही वाटत?"

आता हा नियम सांगेल, कलम सांगेल, या तयारीने ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"वाटते," कॅलम म्हणाला. "तेव्हा कोणीतरी यायला हवं होतं."

भांडणाची एवढी तयारी केलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की त्याचं काय होतं, ते भांडखोरालाच विचारावं. आयोनाने त्याला चहा दिला. साखर मात्र मुद्दाम विचारली नाही.

पुढचे दोन मंगळवार तो रीतसर विचारून आला. फ्लोराची डागांची वही त्याने पानन् पान वाचली: गंज, रक्त, ब्लॅकबेरी, शाई, प्रत्येकाचं रसायन आणि प्रत्येकाचा इतिहास. रोज चादरी आणणाऱ्या पोलिश आजींशी ती पोलिश बोलते आणि जहाजावरून निवृत्त झालेले एक इंजिनियर तिला मशीनची चाकं सुटी करून अपूर्णांक शिकवतात, हेही त्याने पाहिलं. ऑक्टोबरात त्याने अहवाल दिला. शिक्षण योग्य चालू आहे. सही, शिक्का, विषय संपला.

विषय संपला, पण माणूस येतच राहिला. दर गुरुवारी संध्याकाळी पिशवीभर शर्ट घेऊन.

"हे धुतलेलेच आहेत," एकदा आयोना शर्ट हुंगून म्हणाली.

"असतील... पण तुमच्यासारखे नाही."

"कॅलम रेडफर्न, इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही यांची!"

"मोडू का?" त्याने विचारलं, आणि डोळे वर करून असं पाहिलं की ती पावडरचा डबा उगाचच या फळीवरून त्या फळीवर ठेवू लागली. हळूहळू तुम्हीचं तू झालं. घड्या घालताना चादरीची दोन टोकं घेऊन दोघं जवळ यायचे, बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही चादरीकडेच बघायचे. फ्लोरा वहीत डोकं खुपसून खुसखुसायची. बोलायचं मात्र कोणीच नाही. आज बोलेल, उद्या बोलेल... डिसेंबर आला.

आणि आलं ते पत्र. काउन्सिलचं, ठसठशीत शिक्क्याचं. आयोनाने ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'आमचे अधिकारी श्री. रेडफर्न यांनी मुलीच्या पालक मिस थॉर्नली यांच्याविषयी आपल्या मनात प्रेमभावना असल्याचे विहित अर्जाद्वारे स्वतः घोषित केले आहे. सबब त्यांचा अहवाल रद्द करण्यात येत असून नव्याने चौकशी होईल. पंधरा दिवसांत समाधान न झाल्यास मुलीस शाळेत दाखल करण्याचा हुकूम काढण्याची कार्यवाही सुरू होईल. तथापि असे कोणतेही संबंध नसल्याचे आपण लेखी कळविल्यास मूळ अहवाल पुन्हा ग्राह्य धरला जाऊ शकतो.'

गुरुवारी तो पिशवी घेऊन दारात दिसला मात्र —

"साहेबाला आधी सांगितलंस!" ती कडाडली. "अर्ज भरून! कितव्या रकान्यात लिहिलंस रे, की मी आवडते?"

"चौथ्या," तो कसाबसा म्हणाला. "आयोना, ऐक... माझी सही त्या फाइलवर, आणि मी इथे बसून चहा पितोय. उद्या कोणी बोट दाखवलं असतं, की हा अहवाल चहावर मिळवलाय, तर फ्लोराला ओढलं असतं त्यात. मला वाटलं, आपण आधीच सांगितलं तर फक्त मला हलवतील. अहवाल रद्द करतील असं स्वप्नातही नव्हतं."

"तुला वाटलं! आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुला विचारायची हिंमत नव्हती. साहेबांना घाबरत नाही मी एवढा."

तिने पत्राची घडी घातली. मग तोच हळूच म्हणाला, "लिहून दे, की काही नाही. सरळ लिही. मी मूर्ख ठरेन, ठरू दे. फ्लोरा सुटेल."

हे ऐकून तर ती आणखीच पेटली. म्हणजे प्रेम याने जाहीर करायचं आणि खोटं हिने लिहायचं? वा रे वा! तिने त्याला पिशवीसकट बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

पण त्या रात्री कागद पुढ्यात घेऊन ती बसली, ते खरं. एक ओळ लिहायची होती. त्या एका ओळीने फ्लोरा पुन्हा त्या भिंतीसमोर बसायची वाचणार होती. पेन उचललंसुद्धा तिने.

"काय लिहितेस?" फ्लोरा पायजम्यातच जिन्यावर उभी होती. तिने पत्र कधीच वाचलं होतं, ही पोर सगळंच वाचायची.

"काही नाही असं लिहितेय."

"पण आहे ना?"

आयोना पेनचं टोपण लावू-काढू लागली.

"आयोना, वही माझी आहे. कॅलमने नाही लिहिली. दुसरं कोणीही येऊ दे, मी सांगेन त्यांना." आणि मग थोडं थांबून, "मी बोलेन."

जी पोर दोन वर्षांपूर्वी हूं की चूं करत नव्हती, ती म्हणत होती मी बोलेन. आयोनाचे डोळे भरून आले. तिने पेन खाली ठेवलं.

नव्या अधिकारी मिसेस ऑग्डन सोमवारी आल्या. भरभक्कम बाई, चष्मा साखळीला, चेहरा असा की दूध नासावं. दारातच आयोनाने त्यांच्या हातात आपलं उत्तर ठेवलं. मुद्दाम आधीच, निकाल कळायच्या आत.

'श्री. रेडफर्न यांची घोषणा अपुरी आहे. प्रेमभावना दोन्ही बाजूंनी आहेत. त्यांचा अहवाल खुशाल रद्द करा, पण माझी बहीण काय शिकते ते तिलाच विचारा. हे तुम्ही दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि खुर्ची ओढून फ्लोरासमोर बसल्या.

"हं. बोल."

पहिली दोन मिनिटं फ्लोराच्या ओठांतून शब्द फुटेना. आयोनाने काउंटरची कड घट्ट धरली, आपण मध्ये पडायचं नाही म्हणून. मग फ्लोराची नजर बाईंच्या बाहीवर गेली.

"हा गंजाचा डाग आहे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही याला ब्लीच लावलंत ना? ब्लीचने गंज वाढतो."

"वाढतो?" बाईंनी बाही वर केली. "का?"

तिथून दीड तास झाला. पोलिश आजी येऊन गेल्या, अपूर्णांक झाले, साबणाचा इतिहास झाला, शाळेतली ती वेगळी खोलीही फ्लोराने स्वतःच सांगितली. शेवटी मिसेस ऑग्डननी चष्मा छातीवर सोडला.

"लेखी नंतर येईल. पण हिला शाळेत घालण्याचा हुकूम मी काढणार नाही. त्या खोलीची तक्रार मात्र तुम्ही करा, मी पुढे नेते." दाराशी जाऊन त्या वळल्या. "आणि तुमच्या उत्तराची प्रत नियमाप्रमाणे रेडफर्न यांना जाईल. टपालाने. तीन दिवसांत."

त्या गेल्या, तेव्हा समोरच्या बसथांब्यावर कॅलम भिजत बसलेला दिसला. चौकशी चालू असताना दुकानात पाऊल टाकायची त्याला मनाई होती, म्हणून सकाळपासून तिथेच. छत्रीही नव्हती बावळटाकडे. आयोना ॲप्रनवरच रस्ता ओलांडून गेली.

"काय झालं?" तो धडपडून उठला. "फ्लोरा?"

"सुटली. स्वतः बोलली."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. मग बिचकत विचारलं, "आणि... तू काय लिहिलंस?"

"ते तुला गुरुवारी टपालाने कळेल. मला कळलं तसंच."

"गुरुवारी!" त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे तोपर्यंत मी... थांबू?"

"थांब," आयोना म्हणाली, आणि त्याचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पण आत येऊन थांब."