सातव्या महिन्यात लिहिलेलं पूर्ण नाव

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझं वय सत्तेचाळीस. मनगटं दुखतात, डोळे चुरचुरतात. खोटं रचायला जो उत्साह लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. जे झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तैपेईला लागून असलेलं झोंगहो, आमच्या ऑफिसचा चौथा मजला. आमच्या पंचांगातला सातवा महिना, मेलेले परत येतात तो. त्याची पौर्णिमा... आणि दुपारचे तीन.

हो, भर दुपारचे.

माझं काम म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचे आणि अहवाल लिहायचा. गेम किती अवघड, लोक कुठे वैतागतील, दहापैकी किती गुण. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बाईची! वीस वर्षं करून बघा म्हणावं.

तो गेम आ-हाईचा होता. त्याला मी इथे आ-हाईच म्हणणार. पूर्ण नाव लिहिणार नाही. का, ते कळेलच.

आ-हाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सहा वर्षं एकट्याने तो गेम बनवत होता. दिसायला आमच्या लहानपणीच्या गेमसारखा, जाड ठिपक्यांचा. तारांनी भरलेलं शहर, विजेच्या खांबातून मंत्र ओढणारे जादूगार, कॉम्प्युटरच्या खोल्यांमध्ये झोपलेले ड्रॅगन. आणि अवघड म्हणजे अगदी अंत बघणारा. टोळीतला मेलेला माणूस परत उठत नाही. एक टप्पा संपेपर्यंत खेळ मध्येच थांबवायची सोय नाही.

"अरे, माणसाने लघवीला कधी जायचं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"खेळायला बसायच्या आधी, ताई," तो म्हणाला. वर हसला मेला.

त्याला एक खोड होती. गेममधल्या प्रत्येक दारापुढे तो बटण तीनदा दाबायचा. टक, टक, टक. त्याने काहीही होत नसे. मी चिडवलं की म्हणायचा, "आत जाण्याआधी दार वाजवावं की नाही?"

त्या वसंतात तो टेबलावरच गेला. डोकं टेकवून झोपलाय, असं मला वाटलं. दमलाय, झोपू दे, असं म्हणून मी दुपारपर्यंत त्याला हाकही मारली नाही.

हे माझं मन अजून खातं.

त्याची आई दर शुक्रवारी डबा घेऊन ऑफिसात यायची. मुलगा नाही, तरी यायची. डबा माझ्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "पोरी, त्याने केलाय तसाच येईल ना गं तो खेळ?"

आमचे मालक फान साहेब माणूस वाईट नाहीत. पण ते म्हणाले, "त्याच्याशिवाय कुणी शेवट बघितलाय याचा? पौर्णिमेच्या संध्याकाळपर्यंत सांग. पूर्ण होत नसेल तर निम्मा सोपा करू. मग त्याचं नाव राहील, खेळ मात्र राहणार नाही. पण माझा नाइलाज आहे."

मी दहा वेळा हरले होते.

सातवा महिना लागला त्या दिवशी अकराव्यांदा सुरू केला. टोळीत तीन माणसं, तिघांची नावं विचारतात. डोकं चालत नव्हतं. मी माझं नाव घातलं. फान साहेबांचं घातलं. तिसरं...

तिसरं आ-हाईचं. आडनावासकट, पूर्ण.

बटण दाबलं आणि मग लक्षात आलं.

"तू वेडी आहेस का?" आठवड्याने पडद्यावर ती नावं बघून फान साहेब ओरडले. "या महिन्यात आपण रस्त्यात जिवंत माणसाला पूर्ण नावाने हाक मारत नाही! मेलेला कुठे अडकलेला असेल, तर तो बदली शोधतो. एक जण आत घ्यायचा, तेव्हा स्वतः सुटायचं. आणि तू त्याच्या शेजारी आपली दोघांची नावं लिहून ठेवलीस?"

"मग पुसू? परत पहिल्यापासून? आता माझ्यात दम नाही, साहेब."

जाताना माझ्या खांद्यावर थोपटायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला. या महिन्यात खांद्यावर थाप पडली की माणसाचा दिवा विझतो म्हणतात.

पौर्णिमेला सगळे खाली गेले. फुटपाथवर टेबल मांडलं होतं. बदक, नूडल्स, बिअरचे डबे, हातपाय धुवायला पाण्याचं घमेलं. भुतांना आम्ही भूत म्हणत नाही, भाऊलोक म्हणतो. त्यांचं जेवण होतं.

मी वरच. खेळ थांबवता येत नव्हता ना!

खालून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. उदबत्तीचा वास येत होता.

मग आवाज थांबला.

एकदम... सगळाच.

रस्त्यावरच्या स्कूटरसुद्धा. मला वाटलं, कानात दडे बसले. पडद्यावर एक दार होतं. त्याच दारामागे मी आधी दहादा मेले होते.

आणि शेजारच्या टेबलावरून...

टक. टक. टक.

मी वळून बघितलं नाही. या महिन्यात मागे वळून बघत नाहीत. नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याची खुर्ची रिकामी होती. त्याचा जुना कंट्रोलर तिथेच होता, तार गुंडाळून ठेवलेला.

दार उघडलं. टोळीतला तिसरा माझ्या पुढे चालू लागला.

मी त्याला हलवत नव्हते.

तो वळला की मी वळायचे. तो थांबला की थांबायचे. सगळे वार त्याने अंगावर घेतले. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगू? मला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं काम करत होतं.

ड्रॅगन मेला. शेवटचं दार आलं. खाली अक्षरं उमटली.

'हे दार कुणीतरी धरून ठेवावं लागेल. बाकीचे जातील. कोण थांबणार?'

तीन नावं. मनगटं भरून आली होती म्हणून कंट्रोलर मी टेबलावर ठेवला होता. माझे हात मांडीवर होते...

तरी बाण सरकला.

माझ्या नावापाशी येऊन थांबला.

फान साहेबांचे शब्द आठवले. बदली. ओरडावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"घे. मलाच घे. दमलेय रे मी. त्या दिवशी तुला उठवायला हवं होतं मी."

बराच वेळ काही झालं नाही.

मग शेजारून, अगदी हळू... टक. टक. टक.

बाण खाली गेला. त्याच्या नावावर थांबला. आणि बटण दाबल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं दाराबाहेर पडलो. तो आत राहिला, हात दाराला लावून. लागलेला वेळ पडद्यावर आला, अठ्ठावन्न तास. खालच्या स्कूटर पुन्हा ऐकू यायला लागल्या.

फान साहेब धापा टाकत वर आले. पडद्याकडे बघितलं. "जिंकलीस?"

"नाही," मी म्हणाले. "पण पूर्ण होतो."

त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. पूर्ण होतो. काहीही बदलू नये. दहापैकी नऊ. एक गुण त्या शेवटच्या दारासाठी कापला; का, ते फान साहेबांनी विचारलं नाही.

हिवाळ्यात गेम बाजारात आला, त्याने केला होता तसाच. लोकांनी शिव्या दिल्या आणि पूर्णही केला. त्याच्या आईने गेमचा एक खोका त्याच्या फोटोशेजारी ठेवला.

इथेच संपायला हवं होतं.

माझ्या खेळाचं यंत्र मी त्या दिवशीच तार काढून कपाटात ठेवलं होतं. मागच्या वर्षी, पुन्हा सातव्या महिन्यात, ते बाहेर काढलं. जुन्या खेळांची यादी उघडली. संपलेल्या खेळाचं घड्याळ थांबलेलं असतं; आमचं अठ्ठावन्न तासांवर असायला हवं होतं.

तिथे साडेआठ हजारांच्या वर तास होते, म्हणजे मधलं जवळजवळ अख्खं वर्ष.

आणि मी बघत असताना... मिनिट बदललं.

"पुसून टाक," फान साहेब म्हणाले.

पुसला तर तो सुटेल की कायमचा नाहीसा होईल? मला माहीत नाही. यंत्र पुन्हा कपाटात आहे. बंद आहे.

आ-हाईची आई, आमच्या काकू, अजून शुक्रवारी येतात. आता कमरेत वाकल्यात. गेल्या शुक्रवारी डबा ठेवला आणि माझा हात धरला.

"पोरी, खेळ आला. आता तरी माझा आ-हाई सुटला असेल ना गं?"

"हो, काकू," मी म्हणाले.

कपाट आमच्या मागेच होतं. मी वळून बघितलं नाही.