नळीमागच्या रेघा

मंजुषाची आणि प्रणितची गाठ पडली ती 'गोळी-गोष्टी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तीही एका टोपीवरून.

ग्रुप निवृत्त मास्तर गुणवंतरावांचा. आपल्याला बी-ट्वेल्व्ह सुरू झाल्याचा आनंद त्यांना एकट्याला पेलवेना, म्हणून त्यांनी तो काढला. चिमूरपासून कुरखेड्यापर्यंतची दीडशे माणसं तिथे कॅल्शियम कधी घ्यावं, मुनग्याची म्हणजे शेवग्याची पावडर खरी कोणाची, यावर दिवसभर बोलत. चिमूरच्या दवाखान्यात रक्त तपासणारी मंजुषा मधूनच उत्तर द्यायची, कोरडं, एका ओळीचं.

एके दुपारी कुरखेड्याच्या लाइनमनने, प्रणितने, विचारलं, "मी दिवसभर उन्हात खांबावर राह्यतो. मले डीची गोळी लागन का?"

"गोळी नाई, तुमाले टोपी लागन," तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी टोपीतला फोटो आला. "घेतली मॅडम. जेवणाआधी घालू का जेवणानंतर?"

मंजुषा एकटीच हसत सुटली. मग बोलणं ग्रुपवरून दोघांच्याच फोनवर आलं. जगाचं हिमोग्लोबिन मोजणाऱ्या बाईचं स्वतःचं दहाच्या खाली आहे, हे कळल्यापासून तो रोज दुपारी विचारी, "जेवल्या का? लिंबू पिळलं का? चहा त नाई ना घेतला लोहाच्या गोळीवर?" त्या तीन प्रश्नांची ती सकाळपासून वाट बघायला लागली. जीव जडला होता, तिला ते पक्कं ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "फोलिकच्या गोळ्या इथी संपल्या. घरी रोज लागतात. कुठी भेटन?"

मंजुषाने मेसेज दोनदा वाचला. रोज फोलिक घेणारा माणूस म्हटला की या भागात आधी सिकलसेलच आठवतो, आईबापांकडून मुलांत उतरणारा रक्ताचा आजार. इथली शहाणी घरं पत्रिकेआधी रक्ताचं कार्ड जुळवतात. लाल म्हणजे आजार, पिवळं म्हणजे वाहक, पांढरं म्हणजे काही नाही. मंजुषाचं पिवळं. तिला स्वतःला त्रास नव्हता, पण जोडीदार पिवळा किंवा लाल असला तर मूल लाल निघू शकतं, हे ती जोडप्यांना समोर बसवून सांगायची. चुलतभाऊ प्रवीण हाडं दुखली की कसा तळमळतो, तेही तिने पाहिलं होतं. तिने प्रणितला उत्तर देणं बंद केलं.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "काऊन बोलून नाई राह्यल्या? माझं काही चुकलं का?"

"तुमची फोलिक... कधीपासून चालू आहे?"

"माझी? वहिनीची आहे ते. लाल कार्ड आहे तिचं."

मंजुषा स्टुलावर टेकली. "आन तुमचं?"

"काढलंच नाई. कॉलेजात तपासणी होती त्या दिवशी मी कबड्डी खेळाले पळून गेलतो."

"माझं पिवळं आहे," ती म्हणाली. "तुमचंही तसंच निघालं त... इथीच थांबा लागन."

तो "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी तपासणीच्या रांगेत टोपी दिसली.

"कुरखेड्यालेही होते हे तपासणी," ती हळूच म्हणाली.

"होते. पण तिथी तुमी नाई ना."

तिने त्याचं बोट धरलं, सुई टोचली. रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात पडला. आता पाच मिनिटं थांबायचं, मग काळ्या रेघांच्या कागदापुढे नळी धरायची. पाणी गढूळ होऊन रेघा लपल्या, की रक्तात दोष.

"लपल्या त?" तिने विचारलं.

"त मी ग्रुपवर राहीन. मुनग्याच्या पावडरीवर मास्तराशी भांडीन. आन तुमाले जेवल्या का म्हणून विचारीन... तेवढं त चालन ना?"

तिचे डोळे भरून आले. ती घड्याळाकडे बघत राहिली.

"आन दिसल्या त?" त्याने विचारलं.

"आधी दिसू द्या."

पाच मिनिटं झाली. मंजुषाने नळी कागदापुढे धरली. एकदा पाहिलं, डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग नळी त्याच्यापुढे केली.

"तूच पाह्य. रेघा दिसतात का?"

तो वाकला. "दिसून राह्यल्या... सगळ्या."

"मंग पांढरं आहे तुझं." तिने नळी स्टँडमध्ये ठेवली. "पाच मिनिटं देवाले तेच मागून राह्यली होती मी. मले तू पाह्यजे होता."

प्रणितने टोपी काढून हातात घेतली. कान लाल झाले होते त्याचे.

"जेवली का?" त्याने विचारलं.

"नाई. थांब, रांग संपू दे. डब्यात लिंबू आहे."