परदेशी गेलेल्या बांगड्या

बासष्ट सालचा श्रावण. पौडच्या बाजारात पाऊस भुरभुरत होता आणि मण्यार चाँदभाईच्या पोरीच्या, हसिनाच्या तोंडाचा पट्टा चालू होता. गोजराबाईच्या मनगटावर चढता चढता एक हिरवी बांगडी वाढली, तरी पोरीचं हसणं काही थांबेना.

"अहो... तुमच्या बोटातून रक्त येतंय."

हसिनानं वर पाहिलं. काखेत पत्रकांचा गठ्ठा, नाकावर पावसाचा थेंब. पुण्याच्या स्नेहसेवा क्लबाचा हाफीज आरोग्य तपासणीच्या शिबिराची पत्रकं वाटत होता.

"तुमचं ध्यान माज्या बोटावर कशापायी?" तिनं फणकाऱ्यानं बोटाला फडकं गुंडाळलं. पण आतून ती चरकली. काच रुतली होती आणि तिला कळलंच नव्हतं.

शिबिर शाळेत भरलं. हाफीज हातात कोंबडीचं पीस घेऊन बसला. "डोळे मिटा. हातावरच्या या चट्ट्याला पीस लागलं की सांगा."

"लागलं," हसिना म्हणाली. "लागलं... लागलं."

त्यानं पीस खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "शेवटच्या दोन वेळा मी शिवलोच नव्हतो."

मिटल्या डोळ्यांतूनच तिला रडू फुटलं. "कुनाला सांगू नका. महारोग म्हनलं, की एक बाई माज्या हातात हात द्यायची न्हाई."

"नाही सांगणार. शब्द देतो."

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे; नेमानं गोळ्या घे, दुसऱ्याला लागणार नाही, बांगड्या भर खुशाल. बधिर बोटं मात्र पुन्हा जागी होतील, असं काही ते म्हणाले नाहीत.

गोळ्या स्वीडनच्या एका मित्र-क्लबाकडून येत. हाफीज त्या दर पंधरवड्याला आणायचा आणि कुणाला संशय नको म्हणून डझनभर बांगड्या घ्यायचा.

"येवड्या बांगड्या! घरात बायका तरी किती हायेत?"

"एकही नाही. तुमच्या ओळखीत असली कुणी तर सांगा."

"हाय एक. पन तिला लई बोलायची खोड हाय."

"चालेल... मला ऐकायची खोड आहे."

लाजून तिनं बांगड्यांची मोजणीच चुकवली, दोन जास्त गेल्या.

त्या बांगड्या तो स्वीडनला पाठवत असे. वर्षानं तिकडून फोटो आला. पांढऱ्या केसांच्या पाच मडमा, हात उंच केलेले, मनगटांवर हसिनाच्या बांगड्या.

"कुनाच्या हातच्या, ते ठावं हाय त्यांना?"

"मी कळवलं होतं. म्हणून तर हात वर केलेत."

ती फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

फोटो हाफीजनं कौतुकानं क्लबाच्या अहवालासाठी दिला, खाली एक ओळ लिहून. अहवाल पुण्यातच राहील, असं त्याला वाटलं. क्लबानं मात्र फोटो ओळीसकट पौडच्या पुढच्या शिबिराच्या दारावर लावला : 'आमच्या महारोगी भगिनी हसिना चाँदभाई यांची भेट.'

पुढच्या बाजारी बायका दुकानापासून लांबून गेल्या. गोजराबाई ओढ्यावर राखेनं मनगटं घासत होती, असं कुणीतरी मुद्दाम येऊन सांगून गेलं. चाँदभाईनं दुपारीच पेट्या बांधायला घेतल्या.

हाफीज आला तो चेहरा पाडूनच. "मी शब्द दिला होता..."

"दिला व्हता." तिच्या डोळ्यांत पाणीही उरलं नव्हतं. "तुमी चांगलंच करायला गेला. पन अब्बाचं दुकान बसलं."

"शिव्या द्या मला."

"दिऊन काय? बायका येत्याल व्हय?"

तो तिच्या शेजारी पथारीवर बसला आणि भर बाजारात तिचा तो चट्ट्याचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला. बाजार बघत राहिला. चाँदभाई खोकले, अन् पाठ फिरवून पेटीची दोरी बांधू लागले.

"माझ्याशी निकाह कराल? दया म्हणून नाही... त्या पिसाच्या दिवसापासून मनात आहे." त्यानं तिची बोटं दाबली. "हात धरलाय मी. कळतंय?"

या खेपेला ती खोटं बोलली नाही.

"न्हाई कळत," हसिना म्हणाली. "पन दिसतंय... समद्या बाजाराला दिसतंय. सोडू नका."