कान्होजींची नाणी गेली कुठे?

पोरांनो, चुळबुळ थांबवा नि ऐका! मांडवीच्या सखूची गोष्ट सांगतो. मध्येच उठायचं नावसुद्धा काढणार नाही तुम्ही!

शहाऐंशी साल, मे महिन्याची सुट्टी. गावातल्या मंडळाने कान्होजी आंग्र्यांच्या आठवणीसाठी स्वतःच तांब्याची नाणी पाडून घेतली होती. बाजारात चालायची नाहीत, घरोघरी नुसती आठवण म्हणून द्यायची. सखूचा बाप, रामा तांबट, महिनाभर एकेक नाणं ठोकत बसला होता. एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला कान्होजींचं नाव.

संध्याकाळी वाटप, आणि दुपारी नाणी गायब!

"रामानेच नेली!" मंडळाचे अध्यक्ष आत्मारामकाका गरजले. "सकाळी तोच आला होता इथे. पाचपर्यंत नाणी आली नाहीत तर पोलीस बोलावतो!"

रामा मान खाली घालून उभा. सखूला काय धीर धरवतोय! "चला रे!" म्हणत तिने बाबू आणि विमला या दोस्तांना ओढलंच.

मांडवामागे नाण्यांची रिकामी पिशवी पडली होती. तिच्यावर लाल डाग!

"रक्त!" बाबू किंचाळला.

"गप रे घाबरटा!" सखूने वास घेतला. "कोकमाचं आगळ आहे हे. तांबं चकाकायला कोकमच लागतं. कुणीतरी नाणी आगळात टाकलीत!"

"अगो, पण त्या आगळाची तर सोलकढी करतायत!" विमला म्हणाली.

तिघं सुसाट धावली. स्वयंपाक करणारी गंगुबाई आगळाच्या पातेल्यात नारळाचं दूध ओतायच्या बेतात!

"काकी, थांबा! आत नाणी आहेत!"

"पळा इथनं! जेवताना मिळेल कढी!" गंगुबाईने डाव उगारला.

विमलाने सखूला डोळा मारला. "काकी, मांजर बांगडा पळवतंय!"

गंगुबाई गर्रकन वळली, आणि सखूने कोपरापर्यंत हात पातेल्यात घातला! मूठ वर आली ती लखलखत्या नाण्यांनी भरलेली.

"अगो बाय माझे!" गंगुबाई मटकन बसली. "तांब्याने कळकलेली, विषारी कढी वाढली असती मी! अख्खा गाव ओकत सुटला असता!"

आरडाओरडा ऐकून सगळे जमले. आत्मारामकाकांचा चेहरा पडला. "काळपट दिसत होती म्हणून... मीच टाकली त्यात. मग पाव्हण्यांना आणायला स्टँडवर गेलो, नि डोक्यातनं साफ गेलं!"

"आधी माझ्या बाबांची माफी मागा!" सखू कडाडली.

काकांनी सगळ्यांसमोर रामाला हात जोडले. मग सखूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरी, मी चुकलो. तू गाव वाचवलंस!"

पण त्या नाण्यांवर रामाचं नाव कुठेच नाही हो. म्हणून पोरांनो, एक करा. कुणाच्या घरी असलं नाणं दिसलं, तर त्यांना एवढं सांगा, हे रामा तांबटाने ठोकलंय.