वाऱ्याच्या तोंडी

तुम्ही सायकल चालवत नसाल तर एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. समोरून वारं असलं की दोघांनी एकामागं एक चालवायचं. पुढचा वारं अंगावर घेतो, मागच्याला आडोसा मिळतो. चाकात आणि चाकात हातभर अंतर. पुढचा दमला की उजवं कोपर बाहेर हलवतो, म्हणजे ‘ये, आता तुझी बारी’. मग मागच्यानं पुढं यायचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण बारी चुकवणाऱ्याला सायकलवाले माणसात धरत नाहीत.

मला आडोशाची फार गोडी. केदार हसून म्हणायचा, “नरहर, तू म्हंजे आयत्या बिळावरचा नागोबा.” बारा वर्षं त्याच्या पाठीकडं बघत मी रविवार काढले. बायको, विमल, गेल्यापासून मस्तगडातल्या घरात मी एकटा. भाजी किती कमी केली तरी उरते. बोलायला एक केदारच होता, आणि दोन वर्षांपूर्वी श्रावणात तोही गेला. अंबडच्या पुढं, गल्हाटी नदीच्या खोऱ्यातून वर येणाऱ्या चढावर. सायकल आडवी ठेवली, मैलाच्या दगडावर बसला, “थोडं थांब,” म्हणाला आणि संपला. मी तिथं होतो.

परवा त्याच्या बायकोचा, चिन्मयीचा, वडीगोद्रीहून फोन आला. ती तिथं शाळेत शिकवते. “भाऊजी, अंतरा तिच्या बाबांची सायकल चालवायची म्हणते. सीट तिच्या उंचीची लावून देता का?” मी हो म्हटलं. तशी ती पुढं म्हणाली, “आणि एकदा नीट सांगा ना, त्या दिवशी काय झालं. पोरगी विचारती. मला काय सांगावं समजत नाही.”

दोन वर्षं मी एकच सांगत आलो होतो. आम्ही बारी-बारीनं वारं घेतलं, केदार मजेत होता, अचानक झालं. तेच पुन्हा सांगायचं ठरवून शनिवारी दुपारी मी सीट सैल करायचे पाने खिशात टाकले आणि निघालो.

रोहिण्या लागल्या होत्या, पण आभाळात ढग नव्हता. अंबडला हमरस्ता सोडून मी डोंगराकडून जाणारी आतली वाट धरली. आमची नेहमीची वाट तीच. उन्हानं पांढरी पडलेली रानं, नांगरून ठेवलेली ढेकळं, मधूनच एखादं लिंबाचं झाड. आणि समोरून वारं. असं वारं की खालच्या गिअरवर उताराला सुद्धा पायडल मारावं लागावं.

खोऱ्याच्या तोंडाशी रायभान धनगर भेटला. रस्त्याकडेला घोंगडी टाकून बसला होता.

“एकटेच सायब?”

“एकटाच.”

“पुढं वारं लई हाय. मेंढरं बी तोंड फिरवून उभी राह्यली. अन् पानी सोबत घ्या बराबर, नदीत थेंब न्हाई.”

त्यानं दिलेलं पाणी प्यालो आणि उतरलो. पुढं माणूस नाही, गाडी नाही. तासाला बारा-तेराच्या वर वेग जाईना. रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं वारं खाताना माणसाला आपलं वय समजतं. मला त्या क्षणी कुणाचीही सोबत चालली असती. खरं सांगतो, कुणाचीही.

गल्हाटीच्या पुलावर आलो आणि वारं थांबलं.

म्हणजे माझ्यापुरतं थांबलं. दोन्ही बाजूच्या बाभळी तशाच वाकून हलत होत्या. नदीच्या कोरड्या वाळूवरून धूळ उठून रस्ता ओलांडत होती. माझ्या तोंडावर मात्र काही नाही. सायकल आपोआप हलकी झाली. बावीस... चोवीस... कानातली वाऱ्याची घरघर गेली, तसा दुसरा एक आवाज ऐकू आला. पायडल थांबवल्यावर मागच्या चाकाची टिकटिक होते ना, ती. मी पायडल थांबवलं नव्हतं. टिकटिक माझ्या पुढून येत होती. आणि तिच्यासोबत वास. केदार पोटऱ्यांना कापराचं तेल चोळायचा, तो.

समोर रस्ता रिकामा होता. लांबपर्यंत रिकामा.

मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. इतकं बरं, की डोळे भरून आले. नजर सवयीनं खाली गेली, जिथं पुढच्याचं चाक असतं तिथं, आणि मी हातभर अंतर राखून चालवू लागलो.

“केदार...” मी हळूच म्हटलं.

टिकटिक तेवढी थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.

चढ लागला. तो मैलाचा दगड वर दिसायला लागला, आणि माझ्या उजव्या गालावर गरम वाऱ्याचा एक झोत आला. आडोशाला फट पडावी आणि लगेच बुजावी तसा. थोड्या वेळानं दुसरा. मग तिसरा. कोणीतरी कोपर बाहेर काढत होतं.

आता लपवून काय करू? त्या दिवशी केदारनं तीनदा कोपर हलवलं होतं. सकाळपासून वारं तोच खात होता, एकदाही मी पुढं गेलो नव्हतो. चढावर त्यानं पहिल्यांदा बारी मागितली आणि मी मान खाली घालून हँडलकडं बघत राहिलो. दिसलंच नाही असं दाखवलं. पाय दुखत होते माझे, एवढंच कारण. तिसऱ्या वेळेनंतर त्यानं मागितली नाही.

मी उजवीकडून बाहेर पडलो. “सर मागं. बस माझ्या मागं,” म्हटलं आणि सगळा जोर लावला. वारं छातीवर धाडकन आदळलं. तो दगड गेला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. टिकटिक आता मागून येत होती, मग वाऱ्यात तीही ऐकू येईना. चाळीस मिनिटं मी मान खाली घालून वारं फोडत होतो. तोंडावर ओलं लागत होतं. घाम असेल, रडणं असेल, मी पुसलं नाही. वडीगोद्रीचे दिवे दिसले तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटली. माझी बारी मी दिली होती. आता हे केदारच्या आणि माझ्यातच मिटलं, चिन्मयीला सांगायची गरज उरली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस किती स्वस्तात सुटू बघतो!

वारं पडलं होतं. पानसुद्धा हलत नव्हतं. चिन्मयीनं दार उघडलं, ओट्यावरचा दिवा लावला आणि माझ्याकडं बघतच राहिली.

“पाऊस कुठं लागला भाऊजी?”

“पाऊस? पाऊस कुठला?”

तिनं छातीकडं बोट दाखवलं. माझा पिवळा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत काळ्या मातीच्या शिंतोड्यांनी भरला होता. चष्मा, गाल, हनुवटी, सगळीकडं तेच. मी वळून सायकल बघितली. दोन्ही चाकं कोरडी, धुळीनं पांढरी.

“तुमच्या चाकाचा नाही हा,” चिन्मयी म्हणाली. बारा वर्षं तिनं केदारचे कपडे धुतले होते. “पुढच्याच्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडतो.” तिनं माझ्या बाहीवरचा एक शिंतोडा बोटावर घेतला. “ओला हाय अजून... कोणाच्या मागं होते तुम्ही?”

त्या उन्हात पाच मिनिटांत चिखल वाळून पापडी होते. आणि मी चाळीस मिनिटं पुढं होतो. मी पुढं होतो ना?

“दवाखान्यात यांच्या तोंडावर एक ठिपका नव्हता,” ती हळू बोलत होती. “रस्ताभर पाऊस होता त्या दिवशी. मंग तुमच्या तोंडावर असायला पाहिजे होता. तुमचं तोंड पण स्वच्छ होतं. केसांतून पाणी गळत होतं.”

ती यायच्या आत दवाखान्याच्या नळावर मी पहिलं काम केलं होतं ते तोंड धुण्याचं. हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

“चिन्मयी, तसं नाही... आम्ही बारी-बारीनं...”

टप्.

डाव्या गालावर चिखलाचा गार थेंब बसला. आम्ही दोघं ओट्यावर जागच्या जागी उभे होतो. रस्त्यावर कुणी नव्हतं. चिन्मयीनं तो उडताना बघितला होता, तिच्या तोंडावरून मला समजलं.

“आता खरं सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं. सकाळपासूनचं वारं, तीन वेळा हललेलं कोपर, नळ, सगळं. तोंड पुसायचा धीर झाला नाही. सांगताना तिच्या नजरेला नजर देता येणार नाही असं वाटत होतं, पण तो प्रश्न आलाच नाही. चिन्मयी माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या पुढ्यातल्या हातभर रिकाम्या जागेकडं, माणसाची पाठ जेवढ्या उंचीवर असते तिथं, ती एकटक बघत होती.