मामाच्या गोठ्यावर आलेला माणूस

गाबोरोनच्या कोर्टासमोरच्या टपरीवर शेवटच्या दोन मग्विन्या, तळलेले पिठाचे गोळे, उरल्या होत्या, आणि माझा नि एका अनोळखी माणसाचा हात एकदमच पुढे झाला.

"घ्या, म्मा," तो आदरानं म्हणाला. "एक तुम्हाला, एक लेकीला."

माझी सेतुन्या तर शाळेत होती. मला लेक आहे हे ह्याला कसं कळलं?

"कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"भुकेनं... मागच्या तारखेला ती तुमच्या मांडीवर झोपली होती. मी समोरच्या बाकावर होतो, बहिणीच्या केससाठी."

असेलही. पण माझ्या नवऱ्यानं, मोथुसीनं, घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्टात लिहून दिलं होतं – हिच्याकडे परके पुरुष येतात, पोर मला द्या. ह्याच्यासोबतच्या एका फोटोनं सेतुन्या गेली असती. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना स्वच्छ आहे असं आम्ही कधी लिहीत नाही. दोष आढळला नाही, एवढंच लिहितो.

पुढच्या दोन्ही तारखांना तो होताच. ओतेंग नाव, बोअरचे पंप दुरुस्त करायचा.

"तुम्ही असं बघता, जणू मी पाण्यातला किडा आहे."

"किडा दिसतो तरी. मला न दिसणाऱ्यांची भीती वाटते."

तो हसला... आणि मीही हसणार होते, म्हणून मान फिरवली.

मग मामांचा फोन आला. "गाओने, एक माणूस गोठ्यावर आला होता. मी साक्षीला आलो तेव्हा मला कोर्टात पाहिलं म्हणे. टोपी काढून बसला, तुझ्याबद्दल विचारत होता."

म्हणजे पुरावा आता माझ्याच माणसांकडून गोळा होणार. पुढच्या तारखेला मी त्याला जिन्यापाशी गाठलं.

"माझ्या मामांकडे काय शोधत होतात?"

"परवानगी." तो टोपीची कड चाचपत राहिला. "तुमच्या दारात आलो असतो, तर तुमचा नवरा म्हणतो तेच खरं ठरलं असतं. म्हणून आधी मामा."

"आणि ते काय म्हणाले?"

"निकाल लागेपर्यंत हिच्या आसपास फिरकायचं नाही. उद्यापासून नाही दिसणार मी."

"पण बहिणीची केस—"

"ती दोन तारखांपूर्वीच संपली."

"मग येत का होतात?"

"तेच सांगायला मामांकडे गेलो होतो," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

तीन महिने मी त्याला शोधत होते – फाटकाबाहेर, टपरीवर, समोरच्या बाकावर. आधी पकडायला म्हणून. नंतर कशाला, ते कळेना. तो एकदाही आला नाही.

निकाल लागला. घटस्फोट झाला; सेतुन्या माझ्याकडे, सुट्टीत बापाकडे. पायऱ्यांवरूनच मी मामांना फोन लावला. आधी रडून घेतलं.

"मामा... त्या माणसाला एक निरोप द्याल?"

"काय सांगू?"

"यायचं असेल तर एकट्यानं येऊ नको म्हणावं. मागणी घालायच्या रीतीनं ये. काकांना पुढे घालून."

"दोन काका आहेत त्याचे," मामा शांतपणे म्हणाले. "मी तेव्हाच विचारून ठेवलंय."