कुलपातली वीज

हमीर परमार चाळीस फुटांवर दिव्यांच्या टॉवरला लटकला होता. कमरेचा पट्टा त्याला खाली पडू देत नव्हता आणि खालून ओरडणाऱ्या कुणालाही तो उत्तर देत नव्हता.

कोकिलाबेन वैष्णव त्या वेळी गरब्याच्या मैदानाच्या फाटकाशी उभ्या होत्या. मैदानाच्या ग्रुपवर नुकताच फोटो आला होता. घटस्थापना, दहा बेचाळीस. लाल चुनरीतली माताजी, समोर घट, मागे बल्बांची झगमगती महिरप. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कोकिलाबेननीही हात जोडून पाठवले आणि तेवढ्यात किंकाळी ऐकू आली.

हमीरला खाली उतरवायला वीस मिनिटं लागली. अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं नाडी पाहिली आणि मान हलवली.

कोकिलाबेन वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या. नवरात्रात मैदानावर कुणी मरू नये, एवढ्यासाठी मालकांनी त्यांना नेमलं होतं. मंडपवाले, उजेडवाले, आवाजवाले, खाण्याच्या गाड्यांवाले, सगळ्यांनी सकाळी आठला त्यांचं ऐकायचं, मगच पास. मंडळी याला ‘बेनची कथा’ म्हणत. संपली की हमखास कुणीतरी ओरडे, “बेन, प्रसाद?” प्रसाद म्हणजे चहा. चहासाठी का होईना, माणसं येत होती.

त्या सकाळीही त्यांनी फाटका पट्टा दाखवला, तडकलेलं हेल्मेट दाखवलं, दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर पकडीनं सगळ्यांसमोर कापली. मग कुलूप हातात धरून म्हणाल्या, “उजेडवाल्यांनो, वर चढण्याआधी मेन खटका पाडायचा. त्यावर आपलं कुलूप. किल्ली आपल्या खिशात. खाली उतरेपर्यंत ती बायकोलाही द्यायची नाही.”

सगळे हसले होते. हमीर पुढच्या रांगेत होता, तोही हसला होता. नंतर चहाचा कप घेऊन जवळ आला आणि म्हणाला, “बेन, दुपारी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे.” पाससाठी ही गर्दी झाली होती. “दुपारीच सांग,” असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. आता ते शब्द त्यांना गिळता येत नव्हते.

फौजदार चावडा विजेच्या बोर्डासमोर उभे होते. खटका खाली. कुलूप जागेवर. हमीरच्या शर्टाच्या खिशात किल्ली.

“म्हणजे तुमच्या कथेप्रमाणे सगळं झालं,” चावडा म्हणाले. “मग मेला कसा?”

“विजेनंच. हात पाहिलेत ना त्याचे?”

“कुलपातून वीज येते का, बेन?”

“येत नाही.”

“तर मग कुणीतरी कुलूप उघडलं आणि पुन्हा लावलं. या कुलपाला किल्ल्या किती?”

“दोन. दुसरी माझ्याकडे जमा करायची असते.”

“केली होती?”

चावडांनी तळहात उघडला. दुसरी किल्ली त्यात होती. जेसंगच्या खिशातून निघालेली.

जेसंग हमीरचा मेहुणा. दोघं मिळून काम घ्यायचे. हमीर वर, जेसंग खाली बोर्डाशी राखणीला. आणि त्याच सकाळी चहापाशी दोघांची जुंपली होती. जेसंगची आई आजारी, बहिणीला गावी न्यायचं तर हमीर सोडेना. “आज खाली उतर, मग बघतो तुझ्याकडे!” असं जेसंग तीस माणसांदेखत ओरडला होता.

हमीरची बायको जीवी आली होती. मातीत बसली होती. ती रडत नव्हती, भावाकडे एकटक बघत होती. “आईसाठी माझा माणूस खाल्लास,” एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. जेसंगला बेड्यांपेक्षा ते जास्त लागत होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

“साहेब, अर्धा तास द्या,” कोकिलाबेन म्हणाल्या. “एकदा याला नेलंत की बहिणीच्या मनातून हा कायमचा उतरला.”

“अर्धा तास. संध्याकाळी वीस हजार माणसं येणार आहेत, मालक माझ्या डोक्यावर बसलाय.”

कोकिलाबेन जेसंगपुढे उकिडव्या बसल्या.

“किल्ली का दिली नाहीस?”

“हमीरच म्हणाला, असू दे. मी वर अडकलो तर काय बेनना शोधत फिरणार आहेस?”

“बोर्डापासून हललास?”

“नाही. आईशप्पथ.”

“कुणी जवळ आलं?”

“कुणी नाही. मी वर बघत होतो. एकदम वरचा एक दिवा लागला. मला वाटलं ऊन चमकलं. मग तो ओरडला.” जेसंगनं बेड्यांसकट हात बोर्डाकडे केले. “मी खटक्याकडे धावलो, बेन. खटका पडलेलाच होता. पडलेला खटका आणखी कुठे पाडू?”

तो खोटं बोलत असेल तर फार अवघड खोटं बोलत होता. सुटायचं असतं तर दिवा लागल्याचं त्यानं सांगितलंच नसतं.

बोर्डापासून पन्नास पावलांवर मंडप, आणि मंडपाच्या पाठीला मधुबेनची सेव-उसळीची गाडी. मधुबेन फ्रिज उघडून दह्याची भांडी चाचपत होत्या आणि कुणालातरी शिव्या घालत होत्या.

“काय झालं, मधुबेन?”

“काय व्हायचंय! मेन बंद, म्हणून आपला जनरेटर लावला. चांगला चालला होता. पावणेअकराला मेला कण्हायला लागला आणि बसला. माझं सगळं दही ऊन!”

“कण्हला म्हणजे?”

“भार पडल्यावर कण्हतो तसा. माझा एक फ्रिज, त्याचा कसला एवढा भार?”

“कुणी वायर जोडली होती?”

“कुणी परक्यानं नाही,” मधुबेन म्हणाल्या आणि पुन्हा दह्याकडे वळल्या.

कोकिलाबेन दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. फोन काढला. तो फोटो पुन्हा उघडला. हात जोडणाऱ्यांची संख्या आता ऐंशीवर गेली होती. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

“चावडासाहेब,” त्यांनी हाक मारली, “जेसंगला घेऊन मंडपात या. जीवीलाही आणा.”

मंडप चारही बाजूंनी लाल मखमलीनं बंद होता. भर दुपारी आत अंधार. घटापुढे तुपाचा दिवा आणि त्याच्या उजेडात दयाशंकर महाराज डोळे मिटून जप करत होते. बाहेर काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता, पण घट मांडला की आसन सोडता येत नाही.

“साहेब, हा फोटो बघा,” कोकिलाबेन म्हणाल्या. “काय दिसतं?”

“माताजी.” चावडांनी सवयीनं छातीला हात लावला.

“आणि मागे?”

“बल्ब.”

“लागलेले. दहा बेचाळीसला. हमीरनं कुलूप घातलं दहा पाचला, तेव्हाच सगळ्या मैदानाची वीज गेली. हे बल्ब कशावर लागले?”

चावडा म्हणाले, “म्हणजे जेसंगनं मेन चालू केला होता, हेच ना?”

“तसं असतं तर मधुबेनचा जनरेटर कशाला कण्हला असता? मेनची वीज वेगळी, तिची वेगळी. जनरेटर कण्हला, कारण या मंडपाचे बल्ब आणि टॉवरचे दिवे त्याच्यावर पडले. वीज खटक्यातून आलीच नाही. मागच्या दारानं आली.” त्या खाली बसल्या. “महाराज, मुहूर्ताला उजेड कुठून आणलात?”

दयाशंकर महाराजांनी डोळे उघडले. लपवण्यासारखं काही आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पूजेची पेटी पुढे ओढली, लाल फडकं सोडलं. आत नीट गुंडाळलेली वायर होती. दोन्ही टोकांना पिन.

“काळोखात माताजीला कसं बसवायचं, बेन? एक टोक मधुच्या जनरेटरला, दुसरं या खांबावरच्या सॉकेटात. गेल्या साली वीज गेली तेव्हाही असंच केलं होतं. फोटो पाठवला आणि उजेड गेला. मुहूर्त झालाच होता. मी वायर काढून ठेवली.”

“सॉकेटात शिरलेली वीज मंडपापुरती थांबत नाही,” कोकिलाबेन चावडांकडे वळून म्हणाल्या. “ती उलटी बोर्डात जाते. मेनकडची वाट कुलपानं बंद. टॉवरची उघडी. मेन चालू असता तर वायर लावताक्षणी इथेच भडका उडाला असता आणि महाराजांनी ती फेकून दिली असती. हमीरनं नेमानं कुलूप घातलं, म्हणून ही वीज गुपचूप त्याच्यापर्यंत पोचली.”

महाराजांचे ओठ हलत होते, पण जप थांबला होता.

“ही वायर तुम्हाला कुणी दिली?” चावडांनी विचारलं.

“हमीरनं. त्यानंच करून दिली, तीन वर्षांपूर्वी. माताजी अंधारात राहू नये म्हणून.” महाराजांना आता एकेक शब्द जड जात होता. “आज सकाळी आला होता. म्हणाला, महाराज, ती वायर परत द्या. मी म्हटलं, मुहूर्त होऊ दे, मग ने. तर उभा राहिला जरा वेळ. काही सांगायचं होतं त्याला. पण मुहूर्ताच्या तोंडावर अभद्र कोण बोलतं? नमस्कार करून गेला.”

हमीरला दुपारी काय सांगायचं होतं, ते कोकिलाबेनना आता कळलं.

“मला वाटलं, त्याला दुसरीकडे हवी असेल,” महाराज म्हणाले. “बेन, मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“कारण तुम्हाला माझ्यासमोर बसवायचं माझ्या मनातही आलं नाही. सदुसष्ट माणसांना पास दिला. तुम्ही फाटकाशी आलात, तर मी पाया पडले आणि म्हटलं, जा महाराज, पूजेला उशीर होईल.” त्या चावडांना म्हणाल्या, “लिहा साहेब. वायर महाराजांनी लावली. त्यांना सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. दोन्ही लिहा.”

चावडांनी वही काढली, पण लिहिलं काही नाही. ऐंशीच्या घरातला म्हातारा, समोर मांडलेला घट आणि बाहेर वाट पाहणारा मालक. ते कपाळ चोळत राहिले. मग हवालदाराला खूण केली आणि जेसंगच्या हातातल्या बेड्या निघाल्या.

जेसंग मनगटं चोळतही नव्हता. दयाशंकर महाराज आसनावरून उठले. घट मांडल्यावर त्यांना उठताना कुणी पाहिलं नव्हतं. ते जीवीपुढे आले आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

जीवीनं त्यांच्याकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं. मग माताजीकडे. बोलायला तिनं तोंड उघडलं आणि कुणाला काय बोलावं ते तिला सुचलं नाही. मग ती मोठ्यानं रडायला लागली.

“सुटलास तू,” कोकिलाबेन जेसंगला हळूच म्हणाल्या. “तिच्याजवळ जा.”

जेसंग जागचा हलला नाही.

“कशाला शोधलंत, बेन?” तो म्हणाला. “मघाशी निदान रागवायला तिच्यापुढे मी तरी होतो.”